शेतकरी कंपनी, सोसायटी किंवा गट : पुढची चाहूल घेणारी संस्थाच का टिकते? चाकणच्या कांद्यापासून हिवरे बाजारच्या पाण्यापर्यंत, समजून घ्या सविस्तर

काळेवाडी (पिंपरी-चिंचवड) : पवनेच्या काठावरच्या काळेवाडीत आज शेत शोधावं लागतं. इमारती, गाळे आणि रस्ते यांतच गाव गेलं. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर चाकणला मात्र अजून कांद्याचा लिलाव होतो. खेड, मावळ, मुळशीत दूध, भाजी, फुलं, भात आणि ऊस यांवर हजारो घरं चालतात. या तालुक्यांत आता शेतकरी उत्पादक कंपन्याही झाल्या आहेत. काहींचा माल मुंबईला जातो. काहींच्या कार्यालयाला कुलूप असतं आणि फक्त पाटी उरलेली असते.

असा फरक का पडतो? पैसा, माणसं, राजकारण ही कारणं आहेतच. पण एक कारण फारसं कुणी बोलत नाही. संस्थेला पुढचं दिसतं का, आणि दिसल्यावर ती वेळेत हलते का? याला पुस्तकी भाषेत धोरणात्मक जाणीव आणि दूरदृष्टी म्हणतात. साध्या भाषेत चाहूल घेणं.

थोडक्यात महत्त्वाचं

• दूरदृष्टी म्हणजे भाव किती होणार हे सांगणं नव्हे. काय काय होऊ शकतं याची तयारी ठेवणं.
• कांदा, द्राक्ष आणि ऊस, तिन्ही पिकांत मोठे धक्के बसण्याआधी काही ना काही खुणा दिसल्या होत्या.
• खूण दिसूनही हातात राखीव पैसा आणि सभासदांची एकी नसेल तर उपयोग होत नाही.
• दर महिन्याला एक तास आणि एक वही एवढ्यावर कुठलीही संस्था हे काम सुरू करू शकते.

चाहूल घेणं म्हणजे नेमकं काय?

यात तीन कामं येतात. पहिलं, आजूबाजूला लक्ष ठेवणं. पाऊस, पेरणी, साठा, सरकारी आदेश, परदेशातले नियम, शहराची वाढ, मजुरांची टंचाई हे सगळं त्यात आलं. दुसरं, त्याचा आपल्या संस्थेवर काय परिणाम होईल ते ओळखणं. तिसरं, त्याप्रमाणे आधीच काहीतरी बदलणं. पहिलं काम बहुतेक जण करतात, कारण मोबाईलवर बातम्या सगळेच वाचतात. घोडं अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात.

मोठ्या उद्योगांनी ही पद्धत फार आधी उचलली. शेल या तेल कंपनीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘तेल अचानक महाग झालं तर काय’ असा विचार कागदावर मांडून ठेवला होता. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं तेव्हा त्या कंपनीला ते अगदीच नवीन नव्हतं. शेतकरी संस्थेला एवढा डामडौल लागत नाही, पण प्रश्न तोच विचारायचा असतो : असं झालं तर आपण काय करणार?

कामगिरी कशाने मोजायची?

नुसता नफा बघून शेतकरी संस्था चांगली की वाईट हे कळत नाही. पाच गोष्टी बघाव्यात. सभासदाला बाहेरच्या बाजारापेक्षा किती जास्त मिळालं? पैसे किती दिवसांत मिळाले? सभासद माल संस्थेला देतात की बाहेर विकतात? राखीव निधी वाढतोय का? आणि वाईट वर्ष आलं तेव्हा संस्था उभी राहिली का? चाहूल घेण्याचा खरा फायदा या शेवटच्या प्रश्नात दिसतो. चांगल्या वर्षात सगळेच हुशार असतात.

काळेवाडी आणि मगरपट्टा : शहर येतंय हे दिसल्यावर

शहराची चाहूल पिंपरी-चिंचवडला एका दिवसात लागली नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि भोसरी-पिंपरी पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. प्राधिकरणासाठी आसपासच्या गावांच्या शेतजमिनी संपादित झाल्या. शेतकरी एकेकटे होते. मोबदला एकेकट्याने घेतला, तक्रारही एकेकट्याने केली. परत मिळायच्या साडेबारा टक्के जमिनीचा प्रश्न कितीतरी वर्षं रेंगाळला. २०२१ मध्ये प्राधिकरणच पीएमआरडीएत विलीन झालं.

पुण्याच्या दुसऱ्या टोकाला हडपसरजवळ मगरपट्ट्यात वेगळं घडलं. तिथेही शहर दारात आलं होतं. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली. एकेकट्याने बिल्डरला विकण्याऐवजी त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. २००० सालाच्या सुमारास बांधकाम सुरू झालं. जमीन गेली, पण मालकी कंपनीच्या रूपाने राहिली.

दोन्हींची तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सक्तीचं संपादन आणि स्वतःच्या इच्छेने एकत्र येणं यांत फरक आहे. काळेवाडी परिसरातल्या शेतकऱ्याला निवड कमीच होती. तरीही खेड, मावळ, मुळशी, हवेलीच्या गावांना यातून शिकण्यासारखं आहे. रिंगरोड, नव्या एमआयडीसी, लॉजिस्टिक पार्क यांच्या नोटिसा आल्यावर एकत्र यायचं म्हटलं तर उशीर होतो. आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती मागवल्या जातात, तीच खरी वेळ असते. सोसायटीच्या किंवा कंपनीच्या बैठकीत तो आराखडा टेबलावर ठेवायला पाहिजे.

चाकणचा कांदा : बंदीआधीच्या पायऱ्या

खेड बाजार समितीचं चाकणचं महात्मा फुले मार्केट यार्ड कांद्यासाठी ओळखलं जातं. इथल्या शेतकऱ्याला ८ डिसेंबर २०२३ ही तारीख सांगावी लागत नाही. त्या दिवशी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. पण बंदी काही एका रात्रीत आभाळातून पडली नाही. क्रम बघा :

• ऑगस्ट २०२३ : देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट.
• १९ ऑगस्ट २०२३ : कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क.
• त्याच आठवड्यात नाफेड आणि एनसीसीएफमार्फत २,४१० रुपये क्विंटलने २ लाख टन जादा खरेदीची घोषणा.
• २८ ऑक्टोबर २०२३ : किमान निर्यात मूल्य ८०० डॉलर प्रतिटन.
• ८ डिसेंबर २०२३ : ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यातबंदी. पुढे ती लांबवली.
• ४ मे २०२४ : बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं.
• १३ सप्टेंबर २०२४ : किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के.
• १ एप्रिल २०२५ : शुल्क पूर्ण रद्द.

म्हणजे आधी शुल्क, मग किमान मूल्य, मग बंदी. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्येही बंदी आली होती. शहरात भाव चढले, खरीप कमी पडणार असं दिसलं आणि सण किंवा निवडणूक जवळ असली की सरकार निर्यातीचं दार ओढून घेतं. हे शेतकऱ्याच्या बाजूचं धोरण आहे का, यावर भांडायला जागा आहे आणि भांडलंही पाहिजे. पण संस्थेने व्यवहार करताना हे होऊ शकतं असं धरूनच चालावं लागतं.

यात एक बारकावा आहे. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. खरीप आणि रांगडा कांदा राहत नाही, तो काढला की विकावाच लागतो. डिसेंबरची बंदी नेमकी न टिकणाऱ्या कांद्यावर येऊन आदळली. म्हणून ‘थांबू आणि बघू’ हा उपाय उन्हाळ कांद्याला काही प्रमाणात चालतो, खरिपाला नाही. खरिपासाठी चाहूल लागवडीच्या वेळीच घ्यावी लागते : किती क्षेत्र, कुठला व्यापारी, देशातली कोणती बाजारपेठ?

एक साधा हिशेब बघू. समजा कंपनीकडे सभासदांचा १०० टन उन्हाळ कांदा चाळीत आहे. तो चार हप्त्यांत २५-२५ टन विकला आणि किलोला अनुक्रमे १८, २४, ३० आणि १२ रुपये मिळाले. सरासरी २१ रुपये, म्हणजे एकूण २१ लाख. सगळा कांदा शेवटपर्यंत धरून ठेवला असता तर १२ लाख. (चाळीतली घट यात धरलेली नाही. ती धरली तर थांबणं आणखी महाग पडतं.) ३० रुपयांना सगळा विकला असता तर ३० लाख झाले असते हे खरं. पण तो दिवस कोणता हे आधी कुणालाच माहीत नसतं. हप्त्याने विकणारी संस्था सगळ्यात जास्त कमावत नाही, पण ती बुडत नाही.

शेजारीच राजगुरुनगरला केंद्र सरकारचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. भीमा किरणसारखे साठवणुकीत टिकणारे वाण तिथूनच आले. टिकणारा वाण म्हणजे विकायला मिळणारे जादा दिवस. बियाणं निवडतानाच अर्धी दूरदृष्टी कामी येते ती अशी.

द्राक्ष : एका रसायनाने शिकवलेला धडा

निर्यातीच्या द्राक्षात महाराष्ट्राने लवकर संघटन केलं. १९९१ मध्ये राज्य कृषी पणन मंडळाच्या मदतीने द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून पुण्यात महाग्रेप्स उभं केलं. सुरुवातीला युरोपात माल नाकारला गेला. मग पॅकिंग, पूर्वशीतकरण आणि दर्जा यांवर काम झालं आणि लहान बागायतदाराची पेटी युरोपच्या दुकानात पोहोचली.

२०१० मध्ये पुन्हा धक्का बसला. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं संजीवक आपल्याकडे बागेत सर्रास वापरलं जायचं. युरोपात त्याच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्या तपासणीच्या यादीत त्याची चाचणीच नव्हती. कंटेनर तिकडे अडकले आणि निर्यातदारांसह बागायतदारांचे पैसेही अडकले. मर्यादा गुपित नव्हती, कागदावर छापलेली होती. पण आपल्या बाजूने ती वाचून ‘आपण हेच वापरतो’ असं जोडणारं कुणी नव्हतं. नंतर अपेडा आणि पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली या रसायनाची तपासणी सुरू झाली.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स त्या संकटातून गेलेल्या संस्थांपैकी एक. विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिने शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी म्हणून काम वाढवलं. पुढच्या काळात तिने तीन गोष्टी केल्या. एका पिकावर विसंबणं कमी केलं आणि टोमॅटोसह इतर फळं-भाज्यांच्या प्रक्रियेत उतरली. प्रत्येक बागेची नोंद ठेवून माल कुठल्या प्लॉटचा हे सांगता येईल अशी व्यवस्था केली. आणि परदेशातल्या ग्राहकाला हवे असलेले नवे पेटंट वाण आणले. सप्टेंबर २०२२ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या गुंतवणूकदारांनी तिच्या प्रक्रिया कंपनीत सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. हा पैसा यशामुळे आला, हे खरं. पण वाईट वर्षातून शिकून बदल केले नसते तर गुंतवणूकदार मोहाडीपर्यंत आलेच नसते.

न्यूझीलंडची किवी : रोग यायच्या आधी वाण तयार

असंच उदाहरण न्यूझीलंडचं. तिथल्या किवी उत्पादकांच्या मालकीची झेस्प्री ही कंपनी आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये टे पुके भागात ‘पीएसए’ हा जिवाणूजन्य रोग सापडला. सोनेरी किवीचा तेव्हाचा मुख्य वाण रोगाला लगेच बळी पडला आणि बागा तोडाव्या लागल्या. पण संशोधन संस्थेबरोबर नव्या वाणांवर काम अनेक वर्षं आधीपासून चालू होतं. त्यातला जास्त तग धरणारा वाण हाताशी होता. शेतकऱ्यांनी त्याची कलमं बांधली आणि काही वर्षांत धंदा पुन्हा उभा राहिला. रोग येणार हे कुणाला माहीत नव्हतं. एकाच वाणावर सगळा देश चालवणं धोक्याचं आहे, एवढं मात्र माहीत होतं.

ऊस आणि इथेनॉल : कर्ज काढून झाल्यावर नियम बदलला

मावळ-मुळशीच्या उसासाठी कासारसाईचा संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. राज्यातल्या सगळ्याच कारखान्यांनी गेल्या काही वर्षांत इथेनॉलकडे बघायला सुरुवात केली. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉलला वाट दिली. केंद्राने व्याज सवलत दिली आणि कारखान्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभारले.

७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने त्या हंगामासाठी रस आणि सिरपपासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात १७ लाख टन साखरेपुरती सवलत दिली. २९ ऑगस्ट २०२४ ला पुढच्या हंगामासाठी बंधनं उठवली. तारखा नीट बघा : कांदा निर्यातबंदी आणि इथेनॉलची मनाई यांत फक्त एक दिवसाचं अंतर आहे. मूळ कारणही एकच, कमी पाऊस आणि महागाईची भीती. साखर निर्यातीवर तर जून २०२२ पासूनच बंधन होतं. कोरडा ऑगस्ट बघून ज्या संचालक मंडळाने ‘यंदा साखर कमी, म्हणजे रस अडवतील’ असा अंदाज बांधला असेल, त्याला बँकेशी हप्त्याचं बोलणं करायला तीन महिने मिळाले.

दुसरी अडचण भावाची. उसाची एफआरपी २०२३-२४ ला क्विंटलला ३१५ रुपये, २०२४-२५ ला ३४० आणि २०२५-२६ ला ३५५ (१०.२५ टक्के उताऱ्याला) अशी वाढत गेली. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि या सगळ्या हंगामांत एफआरपी वाढली तशी त्यात वाढ झाली नाही. दोन्हींतलं अंतर कागदावर दिसतं. ते पाहूनही राखीव निधी न ठेवणारा कारखाना एफआरपी थकवतो आणि शेवटी भोगतो तो ऊस उत्पादक. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांना मक्यासारख्या धान्यापासूनही इथेनॉल करता यावं यासाठी प्रकल्प बदलायला मदतीची योजना आणली. एकाच कच्च्या मालावर अवलंबून राहायचं नाही, हाच त्याचा अर्थ.

हिवरे बाजार : पाण्याचं अंदाजपत्रक

कमी पैशांतली दूरदृष्टी बघायची तर अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९९० मध्ये सरपंच झाले. गावाने पाणलोटाची कामं केली, पण ती कामं अनेक गावांनी केली आहेत. हिवरे बाजारचं वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. पावसाळा संपला की किती पाऊस झाला आणि भूजल किती वाढलं याचा हिशेब होतो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात. उरलेल्या पाण्यात कुठली पिकं बसतात हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर गावानेच बंदी घातली.

म्हणजे फेब्रुवारीत विहीर कोरडी पडल्यावर रडायचं नाही, ऑक्टोबरमध्येच ठरवायचं. पाऊस त्यांच्या हातात नाही, पण पाऊस कमी झाल्यावर काय करायचं हे त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं.

मग संस्था चुकतात कुठे?

१. खूण दिसते, पण बोललं जात नाही. चेअरमनला आवडणार नाही म्हणून संचालक गप्प बसतात.
२. मागच्या वर्षीच्या भावावर यंदाची योजना होते. गेल्या साली टोमॅटोला भाव होता म्हणून यंदा सगळेच टोमॅटो लावतात.
३. अनुदानाकडे बघून धंदा ठरतो. गोडाऊन मंजूर होतं म्हणून बांधायचं, मग त्यात ठेवायचं काय याचा पत्ता नाही.
४. राखीव पैसा नसतो. चाहूल लागली तरी हात बांधलेले.
५. सभासद निसटतात. बाहेर किलोला एक रुपया जास्त मिळाला की करार विसरतात. मग संस्थेची ठरलेली डिलिव्हरी चुकते आणि ग्राहक जातो.

राखीव पैशाचा मुद्दा आकड्यात बघा. समजा कंपनीचे ३०० सभासद आहेत आणि प्रत्येकाने २,००० रुपये भरले. ६ लाख झाले. केंद्राच्या १० हजार एफपीओ योजनेत तेवढंच भागभांडवल अनुदान मिळू शकतं (सभासदामागे जास्तीत जास्त २,००० आणि एकूण १५ लाखांपर्यंत). एकूण १२ लाख. आता कंपनीने स्वतः १०० टन कांदा २० रुपयांनी विकत घेतला आणि भाव १४ झाला, तर ६ लाख गेले. निम्मं भांडवल एका सौद्यात. म्हणून नव्या कंपनीने सगळा माल स्वतःच्या नावावर विकत घेऊन धरून ठेवू नये. सभासदाचा माल कमिशनवर विकणं, आधी ग्राहक ठरवणं हे सावध रस्ते आहेत.

महिन्यातून एक तास : वहीत काय लिहायचं?

संचालकांच्या बैठकीत पहिला तास याच कामाला ठेवावा. दोन तरुण सभासदांना माहिती जमवायचं काम द्यावं. वहीचे चार रकाने : काय दिसलं, आपल्याला काय फरक पडेल, काय करायचं, कोण करणार.

लक्ष ठेवायच्या गोष्टी वर्षाच्या क्रमाने :

• एप्रिल आणि मे अखेर : हवामान विभागाचा मान्सूनचा अंदाज आणि त्याची सुधारित आवृत्ती.
• जून ते सप्टेंबर : केंद्राचे पेरणीचे साप्ताहिक आकडे, दर महिन्याअखेर येणारा पुढच्या महिन्याचा पावसाचा अंदाज, धरणसाठा.
• ऑगस्ट ते डिसेंबर : निर्यात शुल्क, किमान मूल्य, साठा मर्यादा यांच्या अधिसूचना. पहिली पायरी दिसली की दुसरी-तिसरी येऊ शकते असं धरा.
• ऑक्टोबर : पाण्याचा हिशेब आणि रब्बीचा पीक आराखडा. द्राक्ष असेल तर निर्यातीसाठी बागेची नोंदणी.
• जानेवारी-फेब्रुवारी : केंद्राचा अर्थसंकल्प, मावळच्या गुलाबाला व्हॅलेंटाइनची मागणी, उन्हाळ कांद्याचं क्षेत्र.
• वर्षभर : मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला, पणन मंडळ आणि अ‍ॅगमार्कनेटवरचे रोजचे बाजारभाव, गावात लागलेल्या भूसंपादनाच्या नोटिसा.

यानंतर तीन चित्रं मांडावीत : चांगलं वर्ष, मध्यम वर्ष, वाईट वर्ष. प्रत्येकात पहिलं पाऊल काय हे एका ओळीत लिहावं. उदाहरणार्थ : ‘शुल्क लागलं तर आठ दिवसांत चाळीतला निम्मा कांदा विकायचा.’ असं आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी भांडण होत नाही.

सोयाबीन, तूर, हरभरा, मका असा टिकणारा माल असेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बघावी. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळतं. काढणीच्या गर्दीत माल फेकून द्यावा लागत नाही.

दारातलं शहर विसरू नका

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १७ लाख २७ हजार होती. कंपनीला ग्राहक शोधायला परदेशात जायची गरज नाही. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे शेतकरी आणि कंपन्या शहरात थेट विकू शकतात. पणन मंडळाच्या संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियानाचा आधारही आहे. काळेवाडीच्या सोसायट्यांत राहणारा ग्राहक भाजी रोज घेतो आणि निर्यातबंदीने तो बंद होत नाही. त्याला हवं ते वेगळं : स्वच्छ, निवडलेला, ठरल्या वेळी येणारा माल.

सभासदाने सभेत विचारायचे पाच प्रश्न

१. आपला सगळ्यात मोठा ग्राहक उद्या बंद झाला तर काय?
२. राखीव निधीत आज किती रुपये आहेत?
३. मागच्या वर्षी कोणती खूण आपल्याकडून सुटली आणि त्यावर काय केलं?
४. यंदाच्या वाईट वर्षाची योजना लिहिलेली आहे का? वाचून दाखवा.
५. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी आहे का, आणि तो बाजारात किती दिवस असतो?

हे प्रश्न विचारायचा सभासदाला हक्क आहे. उत्पादक कंपनीच्या कायद्यात दर वर्षी राखीव निधी ठेवणं, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणं आणि तीन महिन्यांतून किमान एकदा संचालकांची बैठक घेणं सांगितलेलं आहे. सहकारी संस्थेला १९६० च्या राज्य सहकार कायद्यानुसार निव्वळ नफ्यातला किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीत टाकावा लागतो आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : आमचा वीस जणांचा छोटा गट आहे. एवढं सगळं जमेल का?
उत्तर : सगळं नको. एक पीक आणि त्याला बसू शकणारे तीन धोके, एवढंच लिहा.

प्रश्न : अंदाज चुकला तर?
उत्तर : चुकणारच. म्हणून सगळा माल एका अंदाजावर लावायचा नाही. वही मात्र फाडू नका. पुढच्या वर्षी तीच उपयोगी पडते.

प्रश्न : सरकारचं धोरण सारखं बदलतं, मग चाहूल घेऊन काय फायदा?
उत्तर : धोरण बदलतं म्हणूनच चाहूल हवी. आणि संस्था तारखा आणि आकडे घेऊन बोलली तर लोकप्रतिनिधींनाही उत्तर द्यावं लागतं. एकट्या शेतकऱ्याचं रडगाणं म्हणून ते सोडून देता येत नाही.

प्रश्न : सुरुवात कधी करायची?
उत्तर : येत्या मासिक बैठकीत. विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून लिहा : ‘पुढचे सहा महिने.’ बाकी चहापाणी नंतर.